‘आलोच’चं इंग्रजी

ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं तेव्हा मी तीन याद्या केल्या. एक न्यायच्या सामानाची, एक घर बंद करताना करायच्या कामांची आणि एक तिथं काय करायचं नाही त्याची. तिसरी यादी मुलीनं फोनवर सांगितली आणि मी लिहून घेतली. मुलगी अॅडलेडला नोकरी करते. तिला आणि जावयाला रजा नव्हती, म्हणून भाड्याची गाडी, तंबू आणि पाण्याचे कॅन देऊन आम्हा दोघांनाच आठ दिवस आतल्या ओसाड मुलखात फिरायला पाठवायचं तिनं ठरवलं होतं. यादीतलं चौथं कलम तिनं दोनदा सांगितलं. गाडी बंद पडली तर गाडी सोडून कुठंही जायचं नाही. मी त्याखाली रेघ मारली.

मी तेव्हा अकोल्याला एका दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर होते. राहायला अमरावतीत. सकाळी बडनेऱ्याहून रेल्वे, संध्याकाळी परत. आमचे हे सरकारी नोकरीत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, गावोगाव जाऊन विहिरीत टेप सोडायची, डुबुक असा आवाज आला की आकडा लिहायचा. त्या वर्षांत आवाज खालून खालून येऊ लागला होता. काही विहिरींत येतच नव्हता. ह्यांची टेप पन्नास मीटरची होती आणि ती ऑस्ट्रेलियाच्या सामानातही आली. माझ्या यादीत नव्हती. ह्यांनी मोज्यांमध्ये गुंडाळून घातली होती.

पहिला धक्का नकाशानं दिला. नकाशावर ठळक अक्षरांत एका गावाचं नाव होतं. मी यादीत लिहून ठेवलं होतं, इथं भाजी, ब्रेड, दूध घेणे. पोचलो तर एक पेट्रोल पंप, एक शेड आणि शेडमध्ये एक बाई. बस, झालं गाव. हे गाडीतून उतरले, चारही बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, “बाकीचं गाव कुठं ठेवलं वं ह्यांनी?”

दुसरा धक्का मेलेल्या कांगारूंनी. रस्त्याच्या कडेला दर थोड्या अंतरावर एक पडलेलं. पहिलं दिसलं तेव्हा मी “थांबा, थांबा” म्हणाले. विसावं दिसल्यावर मी मोजणं सोडून दिलं.

पण खरा धक्का माणूस नसण्याचा होता. आमच्याकडे मूर्तिजापूरच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली तरी पाच मिनिटांत चार जण गोळा होतात, त्यातले दोघं सल्ला देतात आणि एक जण तुमचं गाव विचारतो. इथं आम्ही दोन तास सरळ गेलो आणि एकही माणूस दिसला नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर झाड नाही, कारण धुराच नाही. लाल माती, खुरटी झुडपं, आणि वर एवढं आभाळ की मला गाडीतही पदर डोक्यावर घ्यावासा वाटला. ऊन मात्र ओळखीचं होतं. पंपावरच्या बाईनं काळजीनं सांगितलं की उद्या चाळीसच्या आसपास जाईल. ह्यांना हसू आलं. “चाळीस? चाळीसले तं आमच्या अकोल्यात लोकं स्वेटर घालतेत.”

चौथ्या दिवशी आम्ही हमरस्त्यापासून थोडं आत, मुक्कामासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागी तंबू ठोकला. तिथं आणखी एकच गाडी होती, मागे घरासारखी खोली जोडलेली. त्यात एक सत्तरीची गोरी बाई एकटीच फिरत होती. तिला ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे ती मोठ्यानं बोलायची आणि मीही.

सकाळी सात वाजता मी स्टोव्हवर चहा ठेवला. हे उभं राहून लांब पाहत होते. झुडपांच्या पलीकडे एक पवनचक्की दिसत होती, लोखंडी, जमिनीतलं पाणी वर ओढणारी. या मुलखात आल्यापासून ह्यांचा जीव त्या पवनचक्क्यांत अडकला होता. एवढ्या रखरखीत जमिनीखाली पाणी असतं, ते वारा वर काढतो, हे ह्यांना पटतच नव्हतं.

“जरा पाहून येतो.”

“चहा होऊन राहिला ना. अन् गाडी सोडून जायचं नाही म्हणे पोरगी.”

“ते गाडी बंद पडल्यावर. आपली कुठं बंद पडली?” हे टेप खिशात घालत म्हणाले. “दोन वावरं तं आहे. आलोच.”

दोन वावरं. मलाही तेवढंच वाटलं. आमच्या डोळ्याला अंतर मोजायला वावरं लागतात, मध्ये एखादा निंब, एखादी विहीर, एखादी बकरी लागते. इथं मध्ये काहीच नव्हतं आणि त्यामुळे सगळंच जवळ दिसत होतं. मी हो म्हणाले. पाण्याची बाटली नेली का, हेही विचारलं नाही. मी, जी ड्यूटी संपल्यावर कात्र्यासुद्धा मोजून ठेवते.

साडेसातला चहा झाकून ठेवला. आठला ओतून दिला. सव्वाआठला गाडीच्या बोनटवर चढून पाहिलं. पवनचक्की होती तिथंच होती, माणूस नव्हता. मी हाका मारल्या. हाकेला कुठं आदळायला काही नव्हतं. ती गेली ती गेलीच.

पावणेनऊला मी त्या बाईकडे गेले. तिनं पवनचक्कीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, ती निदान पाच-सहा किलोमीटर आहे. टोपी आहे का त्याला? नाही. पाणी? नाही. तिच्याकडे उपग्रहावर चालणारा फोन होता. त्या सगळ्या जमिनीचा मालक एक शेतकरी होता, गुरं पाळणारा. मुक्कामाच्या पाटीवर त्याचा नंबर होता. तिनं तो लावला, दोन वाक्यं बोलली, आणि नीट ऐकू येईना म्हणून फोन माझ्या हातात दिला.

पलीकडचा माणूस शांतपणे विचारत होता. वय किती, कपडे कोणते, कधी निघाला. मी वॉर्डात डॉक्टरांना सांगते तसं पटापट सांगितलं. मग त्यानं विचारलं, जाताना तो नेमकं काय म्हणाला?

आमच्या नोकरीत एक शिस्त असते. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, पदरचं काही घालायचं नाही. मी वीस वर्षं नव्या मुलींना हेच शिकवत आले होते. मी जसंच्या तसं सांगितलं.

“ही सेड, आय हॅव कम.”

तो म्हणाला, “गुड. नो वरीज.” आणि फोन बंद झाला.

बाईनं विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, गुड म्हणाला, काळजी करू नका म्हणाला. तिनं माझा हात दाबला. त्याच्या घरून इथं यायला पाऊण तास लागेल, म्हणाली.

पाऊण तास मी व्यवस्थित वापरला. सावलीला चादर बांधली. मीठ-साखरेची पुडी लिटरभर पाण्यात घालून ठेवली, पंचे ओले करून ठेवले, ह्यांची बीपीची गोळी कागदावर काढली. मग करायला काही उरलं नाही. रिकामी बसले आणि अकोल्याचा वॉर्ड डोळ्यांपुढे आला.

त्या वर्षांत फवारणीचं औषध पोटात गेलेली शेतकरी माणसं आमच्याकडे यायची. कोणाच्या नाकातोंडातून फवारताना गेलेलं, कोणी स्वतः घेतलेलं. सोबत बायको असायची. मला तिच्याकडून वेळ हवी असायची, कारण किती तास झाले त्यावर पुढचं सगळं ठरतं. मी विचारायचे, घरून कधी निघाले? आणि ती वेळ सांगायच्या आधी दुसरंच सांगायची. “आलोच म्हने ना बाई. आलोच म्हनून गेले.” मी म्हणायचे, ते राहू दे, वाजले किती होते ते सांग. कितीजणींना मी असं म्हटलं असेल. मला त्या शब्दाशी काही काम नव्हतं. कागदावर त्याला रकाना नव्हता.

आता मला वेळ मिनिटासकट माहीत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

पाऊण तास झाला. तास झाला. रस्त्यावर धूळ दिसेना. दहा वाजता बाईनं पुन्हा फोन लावला, आणि या वेळी कानाला घट्ट धरून स्वतःच बोलली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. ती ओरडली, “काय? कोण म्हणालं?” मग फोन खाली घेऊन माझ्याकडे वळली.

“तो म्हणतो, तूच सांगितलंस की नवरा आला म्हणून.”

मला कळेना. मी म्हणाले, मी असं कुठं सांगितलं? तिनं त्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आय हॅव कम. मी तिथंच लाल मातीत बसले. सव्वा तास मी त्याची वाट पाहत होते आणि तो माणूस आपल्या गुरांकडे परत गेला होता, कारण मी त्याला सांगितलं होतं की आले.

मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला आणि ओरडले, नॉट कम! नॉट कम! गॉन! पुढचं इंग्रजी मला सुचेना. मराठीच बोलले असेन; एक शब्द कळला नाही, असं बाईनं नंतर सांगितलं.

अर्ध्या तासानं आवाज आला तो वरून. शेतकरी विमानातून आला. लहानसं, दोन माणसांचं विमान, पण विमान. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी तोंडावर हात ठेवून पाहत राहिले असते. शेतकरी म्हटलं की मला स्ट्रेचर आठवत असे, आणि हा आभाळातून आला होता. तो पवनचक्कीपर्यंत गेला, वळला, मग भलत्याच दिशेला, हमरस्त्यापासून दूर, गिरक्या घेत राहिला. एकाच जागेभोवती. त्याची बायको ट्रक घेऊन झुडपं तुडवत तिकडे निघाली होती.

गिरक्या म्हणजे सापडले, एवढं कळलं. कशा अवस्थेत, ते कळत नव्हतं.

साडेअकराला ट्रक आला. हे मागच्या बाकावर आडवे, डोक्याला बनियन गुंडाळलेलं, ओठ पांढरे. मी आधी नाडी पाहिली. जलद होती, पण होती. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. पोटऱ्यांत गोळे आले होते. मी घोटघोट पाणी पाजत राहिले, पंचे बदलत राहिले, आणि शेतकऱ्याच्या बायकोला काय धर, काय सोड ते सांगत राहिले. तीही मुकाट्यानं ऐकत होती. पंधरा मिनिटांनी ह्यांनी डोळे नीट उघडले.

“बोअर सुका आहे,” हे म्हणाले. “पूर्ण टेप सोडली. आवाज नाही.”

“तुमी बोलू नका.”

“परत निघालो तं गाडीच दिसे ना. सारी झुडपं सारखीच.” मग भोवतीची माणसं पाहून खजील होऊन म्हणाले, “काहून एवढी मंडळी गोळा केली?”

मी ओला पंचा ह्यांच्या कपाळावर जोरात दाबला. तोंड उघडलं असतं तर हात उचलला असता.

तोवर शेतकरी विमान कुठंतरी उतरवून आला होता. उंच, लाल मानेचा माणूस. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि समजावून सांगितलं. आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. म्हणून माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकतानाच सांगतो, मी आलो. त्याचा अर्थ, लवकर येईन. चूक माझी, मी शब्द सांगितले, अर्थ नाही.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि खरंच परत आल्यावर काय म्हणता?”

“आलो,” मी म्हणाले. “आय हॅव कम.”

त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं, बायकोकडे पाहिलं. हसला नाही. म्हणाला, सव्वा तास. मी म्हणाले, हो. तो ट्रककडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर सव्वाशे किलोमीटरवर होता. आत्तापर्यंत हेच गाडी चालवत होते. परवाना मी दोघांचा काढून ठेवला होता, पण अमरावतीबाहेर मी कधी चाकामागे बसले नव्हते. बसले. म्हातारी आपली गाडी घेऊन आमच्या मागे निघाली. मी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हे शेजारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसले होते.

चाळीसेक किलोमीटरवर हे म्हणाले, “जरा बाजूले घेतं का? लघवीले जायचं आहे.”

लागली हे चांगलं लक्षण होतं, शरीरात पाणी पोचलं होतं. मी गाडी कडेला घेतली. हे उतरले. मीही उतरले.

“तू कुठं?”

“तुमच्यासंग.”

“लघवीले बी?”

“हो.”

“अवं, ते मागची बाई पाहून राहिली.”

“पाहू द्या.”

हे चार पावलं चालून झुडपाआड उभे राहिले. मी पाठ फिरवून उभी राहिले, पण शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलं. ह्यांनी एकदा झटकून पाहिलं. सुटलं नाही. मग परत गाडीपर्यंत आम्ही तसेच आलो.