गोचीडतापाची वासरं

किस्से गोचिडासारखे असतात. एक उपटायला जावं, तर खाली चार चिकटलेले सापडतात! लढाईच्या काळात मी म्हसवडकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, तेव्हाचे हे.

उन्हाळ्यात गोचीडताप आला की वासरांचे डोळे फुगून बाहेर येत, वर पांढरा पडदा चढे. खात्रीचं औषध नव्हतं. मला एका जागी बसवत नसे, त्याच त्या बाटल्या पुसत हिंडायचो.

आमचे डॉक्टर आधी वासराचा कान बघत, कारण गोचीड तिथं दडतात. एक म्हातारी खवळली, "आवं डाक्टर, डोळं फुडं असत्यात!"

*

दुसरी एक बाई वासरासोबत शेजारणीलाही ओढत घेऊन आली. "हिचीच नजर लागलीया. आदी हिला तपासा!"

डॉक्टरांनी शांतपणे शेजारणीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "हिचे डोळे उत्तम आहेत. हिला गोचीड लांबूनही दिसला असता. तुम्हाला कसा दिसला नाही?"

मग त्या दोघी मिळून डॉक्टरांशी भांडल्या!

*

रजेवर आलेल्या एका फौजीला डॉक्टरांनी सांगितलं, "गोचीड वेचा आणि रॉकेलात टाका." दोन दिवसांनी गडी पत्र्याचा डबा घेऊन हजर. खाडकन सॅल्यूट!

"साब, समदी धरल्याती. पर लढाईपायी राकेल कुटं घावलं न्हाई. कैदी हजर हायती!" आणि त्यानं टेबलावर झाकण उघडलं.

डॉक्टर खुर्चीवर चढले, मी बाकावर.

*

बिरूतात्या मेंढरांमागं फिरणारे. त्यांची गाय नुकतीच गेलेली, तिची एकच कालवड मागं उरलेली. तिचेही डोळे पांढरे झाले.

"आमी हिंडती माणसं," तात्या म्हणाले. "आंदळं जनावर संगं कसं न्यायचं?"

डॉक्टरांनी आठवडाभर रोज सुई टोचली. ताप उतरला, पडदा थोडा राहिलाच. दुसऱ्या दिवशी तात्यांचं बिऱ्हाड हलणार होतं. दिसतं का ते बघायला डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांसमोर कापसाचा बोळा सोडला. पापणी हलली नाही. पुन्हा सोडला. नाही! तात्यांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं. मी दारापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

डॉक्टर कोपऱ्यात गेले आणि शेवटची सुई भरून वळले.

कालवडीनं मान वर केली. एक हिसका! दावं तुटलं, आणि टेबलाला वळसा घालून, मला चुकवून, ती दारातून थेट रस्त्यावर!

"धरा, धरा!" मी ओरडलो.

तात्या जागचे हलले नाहीत. "पळू दे रं गड्या," ते म्हणाले, "पळू दे!"