बुधवारची बाटली

आईवर मी नंतर कधी पूर्ण विश्वास ठेवला नाही. असं म्हटलं की लोक मला समजवायला बसतात. त्यांना मी बाटलीची गोष्ट सांगते.

एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं. पहिलटकरीण म्हणून मी सातव्या महिन्यात माहेरी आले. आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठचं, घरची मिठागरं. पाय इतके सुजले होते की जोडवी बोटांत रुतली होती. शेजारणी म्हणायच्या, पोर अंगानं भरली. आई रोज संध्याकाळी तेल लावून पाय चेपायची. तिचा अंगठा टेकला की तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आम्ही दोघीही तो बघायचो.

पनवेलच्या सूतिकागृहातल्या नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला, काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर उकळली. ती दुधासारखी गढूळ झाली. त्यांनी मीठ बंद केलं. मिठागरवाल्यांच्या घरात अळणी पेज! आईला तो अपमानच वाटला. मी झोपून राहायचं, गाडीचे धक्के खायचे नाहीत, दर बुधवारी सकाळची लघवी तेवढी बाटलीत भरून पाठवायची. गढूळपणा गेला नाही तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल, असंही त्यांनी बजावलं.

बाटली आईच न्यायची, पदराखाली लपवून, भर बाजारातून चालत. दुपारी ती परतली की मी विचारायची, "काय म्हनली नर्सबाई?"

"चांगलं हाय म्हनली."

तीन बुधवार हेच. माझं कपाळ ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण बाटली चांगली आहे ना, मग हे उन्हानं होत असेल, अशी मी समजूत घालून घ्यायची. स्वतःच्या डोक्यापेक्षा मी त्या बाटलीवर भरवसा ठेवला.

चौथा बुधवार यायच्या आत कळा सुरू झाल्या. डोलीत घालून मला पनवेलला नेलं. मुलगी झाली. ती रडली नाही.

बाळामागून पडलेली वार मीच बघायला मागितली. माझ्या पोरीला काय झालं ते मला कळायला हवं होतं. नर्सबाईंनी ती ताटात घालून आणली. लहानशी, आणि तिच्यावर पांढरट, कडक चट्टे. "इथं रक्त पोचलंच नाही," त्या म्हणाल्या. "बाळाचं जेवण इथूनच जातं." आज माझी नात डॉक्टरकी शिकते. ती सांगते, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेसाठी चांगल्या रुंद व्हाव्या लागतात, या रक्तदाबाच्या आजारात त्या अरुंदच राहतात. मला ते लगेच समजलं. बांधातली उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची झडप, भरतीला अर्धवटच उघडली, तर लांबच्या मिठाच्या वाफ्यात पाणी पोचत नाही.

मग नर्सबाईंनी माझी त्या दिवशीची लघवी उकळली. ती नळीतच थिजली, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी. "तिन्ही बुधवारी पाण्यासारखी स्वच्छ होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

आई भिंतीला टेकून उभी होती. "ती माजी व्हती," ती म्हणाली. "माजी बईन मुंबयच्या इस्पितलात गेली ती परत आली नाय. हिला कशी धाडू?"

तिची भीती मला समजली. राग त्यानं तसूभरही कमी झाला नाही. मुंबईत नेऊनही पोर कदाचित वाचली नसती, नात हेही सांगते. असेल. पण माझ्याच शरीराची खोटी खबर माझ्या आईनं मला दिली, आणि वर रोज पाय चेपताना तो खळगा बघत राहिली.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. सासरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा माहेरीच आले. पहिल्या बुधवारी आईनं बाटलीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. पदराखालीही घेतली नाही. सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून बाजारातून चालत गेले, आई मागून. नळी उकळेपर्यंत नर्सबाईंच्या टेबलापाशी उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा आई पायरीवर बसली होती.

"काय म्हनली?" तिनं विचारलं.

"चांगलं हाय म्हनली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरं की खोटं, तिला कळेना. मी रिकामी बाटली घेऊन बाजाराच्या वाटेला लागले.