डाव्या मागच्या चाकाचा ड्रम

तो ड्रम सकाळपासून निघत नव्हता. बाकीच्या तीन चाकांचे ब्रेकचे ड्रम चहाच्या आधीच सुटले होते. डाव्या मागच्या चाकाचा मात्र गंजून चाकाच्या मधल्या हबला असा धरला होता की घण मारला तरी नुसता वाजायचा. ढोकीच्या रस्त्यावरचं आमचं गॅरेज, दसरा नुकताच झालेला, आणि ऊस वाहणाऱ्या जुन्या ट्रकगाड्या हंगामाआधी दुरुस्तीला लागलेल्या. ही गाडी मात्र हंगामासाठी आली नव्हती. ती विकायला निघाली होती.

गाडीचे मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच, लोहाऱ्याकडचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मागच्या हंगामात तामलवाडीच्या अलीकडं उतारावर पुढची जीप अचानक थांबली आणि यांची भरलेली गाडी काही थांबेना. शेवटी थांबली तेव्हा जीपमध्ये मागं बसलेल्या बाईच्या कानातलं दिसत होतं, असं ते सांगायचे. वर उसावर तोडणीच्या टोळीची चार माणसं बसलेली. तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं की आपल्या पायात जोर राहिला नाही. सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही, वयाचं असेल म्हणाला. रोज रात्री तेल चोळून घ्यायचे. मग घरी सांगून टाकलं, आता गाडी नको. घेणारा चार वाजता येणार होता आणि त्याला चारही चाकं उघडी बघायची होती.

"ब्रेक चांगले हाईत की," मामा सकाळीच म्हणाले होते. "माझाच पाय गेलाय. त्याला तसं सांगू नको म्हंजे झालं."

गॅरेजचे मालक, आमचे उस्ताद, त्यांनी ड्रमच्या कडेनं डिझेल सोडलं. ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून थोडा हा, थोडा तो असं आवळत जायचं, म्हणजे ड्रम सरळ बाहेर ढकलला जातो. एकच आवळला तर तो तिरका अडकतो, नाहीतर फुटतो. ते काम माझ्याकडं होतं. उस्ताद मागून म्हणत होते, "भाताच्या मुलखातला गडी हाय, जोर कुठनं येणार. तुझ्या वहिनीला सांगतो, ह्याला दोन भाकरी जास्त वाढ."

मी गोंदियाकडचा. आठवीतून शाळा सोडली, रस्त्याच्या कामावर इकडं आलो, आणि काम अर्धं टाकून ठेकेदार निघून गेला तेव्हा उस्तादांनी मला गॅरेजमध्ये झोपायला जागा दिली आणि स्वतःच्या ताटाशेजारी ताट. त्याला आता बारा वर्षं झाली. भाड्याची खोली आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, तरी हातातून पाना पडला की आधी उस्तादांच्या तोंडाकडं बघतो.

गॅसनं कडा तापवली, परत बोल्ट आवळले, परत घण. जेवायच्या वेळेला एक मोठा आवाज झाला आणि ड्रम निघाला. मला वाटलं फुटलाच. पण आख्खा होता. मी तो ओढून जमिनीवर पालथा केला, उलटवला, आणि आत बघून थबकलो.

चालत्या गाडीचा ड्रम आतून आरशासारखा असतो. ब्रेक दाबला की लायनरची पट्टी आतून त्याला घासते, त्यानं तो तसा होतो. हा सगळा तांबारलेला होता. मग मी चाकाकडं बघितलं. लायनर कोरे होते. काळ्या लायनरवर पांढऱ्या खडूनं लिहिलेलं अजून दिसत होतं, 'डावा मागचा'. अक्षर माझं होतं.

मामा वाकून बघत होते. "वा मिस्त्री. वरीसभर ऊस वढला आन् लायनरला झीज न्हाय. काय काम केलंयस."

  नवा लायनर जाड असतो, म्हणून ड्रम बसवताना ब्रेक सेट करायचा नट पूर्ण ढिला करावा लागतो. चाक बसलं की तोच नट परत आवळायचा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत. मागच्या वर्षी हे लायनर बसवले तेव्हा तो मी आवळलाच नव्हता. का, ते आजही आठवत नाही. कुणी हाक मारली असेल, घरून फोन आला असेल. पूर्ण हंगामभर त्या चाकाला ब्रेकच नव्हता, भरल्या गाडीला.

उस्ताद बेसिनवर हात धूत होते. मामा तंबाखू मळत उभे. गप्प बसलो असतो तर चार वाजता गाडी गेली असती आणि कुणालाच काही कळलं नसतं. खडू पुसायला फडक्याचा एक हात पुरला असता. फडकं माझ्या खांद्यावरच होतं.

"मामा," मी म्हणालो, "तुमचा पाय चांगला आहे."

त्यांना कळलं नाही. मग मी ड्रम दाखवला, खडू दाखवला, नट दाखवला.  उस्ताद ओल्या हातानं तसेच येऊन उभे राहिले. मामांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकलीच नाही. ते बाजूच्या टायरवर बसले, उजवा पाय लांब केला, आणि चप्पल काढून त्या पायाकडं बघत राहिले.

"म्या रोज रात्री ह्याला शिव्या घातल्या," ते म्हणाले.

 मला वाटलं होतं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. उस्तादांनी माझ्या हातातला पाना घेतला. मी मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला लागलो होतो. त्यांनी तो नट फिरवून बघितला, किती ढिला आहे ते मोजल्यासारखं, आणि पाना परत माझ्याच हातात दिला.

"तूच बसव. म्या बघतो. आन् मागच्या साली अजून कुणाकुणाच्या गाड्या केल्यास ते आठव. आजच्या आज सगळ्यांना फोन."

मामा उठून रस्त्याकडं गेले. फोनवर त्यांचं एकच वाक्य ऐकू आलं, गाडी द्यायची न्हाय. का ते त्यांनी त्या माणसाला सांगितलं नाही.

ड्रम घासून साफ केला, बसवला, चाक चढवलं. हे ब्रेक हवेवर चालतात, आणि ती हवा भरायला गाडी चालू करावी लागते. मामा स्वतःच केबिनमध्ये चढले. मी गाडीखाली गेलो, उस्ताद माझ्या डोक्याशी उकिडवे बसले. नट आवळत आणला, लायनर टेकला, तसा थोडा मागं घेतला. मग खालूनच ओरडलो, "दाबा, मामा."

ब्रेकचा दांडा सरकला, ड्रम धरला गेला. उस्तादांनी चाकाला पहार लावून बघितली, हललं नाही. आता "सोडा" म्हणायचं असतं. पाय उचलला की सुटणाऱ्या हवेचा आवाज वरून आला नाही, मामा दाबूनच बसले होते.  मी "सोडा" म्हणालो नाही.