बाकी काय?

खुर्चीत बसता बसता सर चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "बाकी काय?"

आता आपल्या नांदेड-लातूरकडं भेटलेला प्रत्येक माणूस हेच विचारतो, आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. संगणकशास्त्राच्या पीएच.डी.ला सरांकडं नाव नोंदवल्यावर पहिल्याच भेटीत मी ते देऊन टाकलं. "बाकी काही नाही सर, सगळं मजेत."

सरांनी माझ्या हातातल्या कागदांकडं पाहिलं. "बाकी काहीच न्हाई? मग एवढा प्रोग्रॅम गेला कुठं?"

त्याचं असं होतं. समजा, एखाद्या प्रोग्रॅमला दोन गोष्टी लागतात. एक आजच ठाऊक आहे, दुसरी उद्या कळणार आहे. तर जी ठाऊक आहे तिच्यापुरतं काम आजच उरकून टाकायचं. मग मागं जो आटोपशीर प्रोग्रॅम राहतो, तो उद्या झटपट चालतो. आमचं सगळं संशोधन ते हेच. त्या मागं राहिलेल्या प्रोग्रॅमला कुणीतरी 'अवशिष्ट' असा शब्द काढला होता. सरांना तो अजिबात खपत नसे. "अवशिष्ट म्हणलं की नालीतलं वाटतं. आपण 'बाकी' म्हणू."

म्हणजे सर माझी ख्यालीखुशाली विचारतच नव्हते. हे डोक्यात शिरायला मला महिना लागला. तोवर विभागात माझं नाव 'मजेत मॅडम' पडलं होतं.

सर मूळचे कंधारचे. फोन उचलला की 'जयभीम' आणि ठेवताना 'बाकी काय?' समोरच्याला वाटायचं, अजून बोला म्हणतायत. तो बिचारा पुन्हा सुरू व्हायचा. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, वैतागायच्या, "हो, विचारा अजून एकदा."

घरी पाहुणे यायचे असले की कांदा-खोबरं भाजून मसाला वाटायचं काम सरांचं, आणि ते सकाळीच व्हायचं. "येणार हे ठाऊक हाय. किती येणार ते न्हाई. मसाला आत्ता, कणीक मग." असा विषय शिकवणारा दुसरा माणूस तुम्ही पाहिला असेल तर मला जरूर सांगा.

माझा एक प्रोग्रॅम दोन दिवस चालला आणि थांबेचना. पुढचं पुढचं सगळं आधीच करायला धावत होता. सर म्हणाले, "लई पुढचं आत्ताच करायलीस. थोडं उद्याला ठेव." त्या दिवसांत मी लेकीच्या शाळेपासून सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची काळजी आगाऊ करत होते. त्यामुळं हे प्रोग्रॅमला म्हटलं की मला, देव जाणे.

त्यांची दुसरी शिकवण भाकरीच्या चवडीची. वस्तू आतून कशी आहे ते सांगू नका, ती कशी वागते त्याचे नियम सांगा. "चवडीवर भाकरी ठेवली अन् वरची काढली, तर चवड पहिल्यासारखी. झाला एक नियम." असे नियम पक्के लिहिले की प्रोग्रॅम छाटला तरी त्याचं वागणं बदललं नाही, हे सिद्ध करता येतं. माझा प्रबंध त्या सिद्धतेवरच उभा होता.

आणि तीच अडली. चौथं प्रकरण काही केल्या जुळेना. मुदत एकदा वाढवून झाली होती. ही तारीख चुकली की नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. दोन महिने राहिले असताना सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांच्या जागी नेमलेले मार्गदर्शक म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा."

काकूंनी सरांना गावी नेलं होतं. पंधरा दिवस उरले तशी मी कंधारची एसटी धरली. कागद पिशवीत होते, पण आजारी माणसाला दाखवायचे नाहीत असं ठरवलं होतं. काकू दारातच म्हणाल्या, "एवढं एकच बोलतात गं. दूधवाल्यालाही तेच."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. शब्द जड होते, पण स्पष्ट होते. "बाकी काय?"

"बाकी काही नाही सर, सगळं मजेत," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

सरांचा डावा हात पिशवीकडं गेला. "बाकी काय?"

मग मी कागद काढले आणि एकेक नियम वाचला. भाकरी ठेवून काढली, तर चवड पहिल्यासारखी. भाकरी ठेवून वरची पाहिली, तर तीच दिसली. प्रत्येक नियमानंतर सर तेच विचारायचे आणि मी पुढचा वाचायचे. नियम संपले. सरांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, संपले. त्यांनी पुन्हा विचारलं. खोटं कशाला बोलू, मी चिडले. त्यांच्यापुढं कागद नाचवून म्हणाले, "सगळे वाचले की सर! प्रत्येकात भाकरी ठेवली आणि..."

तिथंच थांबून मी कागद पुन्हा वरपासून चाळले. प्रत्येक नियमात आधी भाकरी ठेवलेली होती. चवड मुळात रिकामीच असली तर? तिच्यातून काढायला गेलं तर काय होतं, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.

"सर, रिकामी राहिली."

सर हसले. अर्धाच चेहरा हसला, पण मला तो पुरा दिसला. काकू म्हणतात, ते तर सगळ्यांनाच तसं विचारायचे. असेल. मला मात्र त्यांनी खरंच विचारलं, असं मी मानते आणि मानत राहणार.

रिकाम्या चवडीचा नियम लिहिला आणि चौथं प्रकरण जुळलं. प्रबंध तारखेच्या आदल्या दिवशी गेला. तोंडी परीक्षेच्या आधी सरही गेले. परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणातल्या त्याच नियमावर बोट ठेवलं, "या नियमाला संदर्भ दिला नाहीत. कुठला हा?"

"कंधारचा," मी म्हणाले. मग भाकरीच्या चवडीपासून सुरुवात केली. त्यांनी पाणी मागवलं.

आता मी लातूरला शिकवते. अधूनमधून काकूंचा फोन येतो. ठेवताना त्याच विचारतात, "बाकी काय?" मी 'मजेत' म्हणत नाही. खुर्ची ओढून बसते आणि राहिलेलं सगळं सांगते.