जनीआत्याचा तेरडा

रत्नागिरीच्या त्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा घरं मोजून अकरा. त्यांचे पाळक आत्माराम चौकेकर, आणि त्यांची एकुलती लेक प्रिस्किला. एवढं जडशीळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला प्रिसू म्हणत. आई बाळंतपणातच गेली. तिला वाढवलं ते जनीआत्याने. ही काही नात्याची आत्या नव्हे. शिरगावच्या कुणब्यांची बालविधवा, मिशनच्या आसऱ्याला आली, बाप्तिस्मा घेतला आणि पाळकसाहेबांची चूल सांभाळू लागली. भाऊ केरू याने तिच्या नावाने आंघोळ केली होती.

तरी भाद्रपदात गौर यायच्या दिवशी ही बाई डावा पाय ओढत शिरगावला जायची, कातळाच्या सड्यावरच्या तेरड्याची जुडी भावाच्या आवाराच्या दगडी गडग्यावर ठेवायची आणि करवंदीच्या जाळीआड उभी राहायची. भावजय सावित्री बाहेर येई, इकडेतिकडे बघे आणि जुडी पदराखाली घेऊन आत जाई. तिकडे गौर तेरड्याचीच मांडतात. माहेरच्या गौरीला आपल्या हातचा तेरडा लागला, एवढ्यावर जनी वर्ष काढायची. हे तिने एकट्या प्रिसूला सांगितलं होतं.

आणि प्रिसूने त्याची गोष्ट लिहिली! वय एकोणीस, साल १९२७. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे ते दुसरीलाच भरावं लागलं. जनीची तिने काशी केली, शिरगावचं दुसरं गाव केलं. लंगडा पाय तेवढा तसाच ठेवला, कारण त्याशिवाय गोष्ट तिला खरी वाटेना. मुंबईच्या एका मासिकाने ती छापली. अंक शनिवारी टपालाने आला आणि पाळकसाहेब असे हरखले, की न वाचताच रविवारी उपदेशाच्या जागी तोच घेऊन उभे राहिले. लंगड्या काशीपाशी त्यांचा आवाज अडखळला. पण तोवर सगळी मंडळी मागे वळून शेवटच्या बाकावरच्या जनीकडे बघत होती.

मूर्तिपूजेला शिक्षा ठरलेली, सहा महिने प्रभुभोजन बंद, म्हणजे उपासनेत सगळ्यांना मिळणारा भाकरीचा तुकडा मिळायचा नाही. जनीला त्या भाकरीच्या तुकड्यावाचून दुसरं गणगोत नव्हतं. मंडळीच्या पंचांपुढे प्रिसू उभी राहिली.

"गोष्ट सगळी माझ्या मनची आहे. यातलं काही घडलेलं नाही."

पंचांतले महिपत मास्तर दप्तर मिटायला लागले. त्यांनाही बरंच वाटलं असावं. तेवढ्यात जनी उठली.

"पोर माज्यासाटी खोटा बोलतेय, सायेब. मी जातंय तेरडा घेऊन. दर साल जातंय."

शिक्षेच्या कागदावर पाळकसाहेबांनीच सही केली. त्या महिन्यात भाकरीचं ताट प्रिसूपुढे आलं, तेव्हा तिने ते पुढे सरकवलं आणि मागे जनीशेजारी जाऊन बसली. सहाही महिने.

शिक्षा संपली, पण बोभाटा शिरगावपर्यंत पोचला होता. पुढच्या भाद्रपदात जनी घराबाहेर पडली नाही. प्रिसूने खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आता केरूला ठावं झालाय. भावजयीन जुडी उचलली, तर तिचे हाल व्हतील, बाय."

प्रिसू ओक्साबोक्शी रडली. दौत फडताळात गेली ती चार वर्षं बाहेर निघाली नाही. शेवटी जनीनेच ती तिच्या पुढ्यात ठेवली.

"लिव. पण आदी मना वाचून दाकव."

मग तसंच चाललं. जनी तांदूळ निवडायची, प्रिसू वाचायची. जनीला अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या ओळीने कुणाचं घर उघडं पडेल ते तिला बरोबर कळे. "ह्या नको," म्हटलं, की पान चुलीत. १९३५ साली पुस्तक निघालं, नव्वद पानांचं. पुण्या-मुंबईचे लोक विचारीत, एवढं चांगलं लिहिता, मग इतकं थोडं का? लेखिकाबाई नुसत्या हसत.

१९३८च्या माघात जनीआत्या गेली. प्रिसू पुढे तीस वर्षं जगली. मनात गोष्टी होत्या, कागद होता, हात चालत होता. नको म्हणणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, आणि त्या भीतीने तिने पुन्हा एक ओळही लिहिली नाही.