घराला पाणी घालणारे बाबा

समोरच्या आजींचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मीटिंग आमच्याच वरच्या मजल्यावर, लॅपटॉपवर. मेसेज असा होता : 'तुझे वडील घराला पाणी घालताहेत. उगवून आणखी एक मजला येईल असं वाटतंय का त्यांना?'

मी कॅमेरा बंद केला आणि खिडकीतून वाकून पाहिलं. खाली बाबा. डोक्याला माकडटोपी, अंगात मी घेऊन दिलेला जाडजूड कोट, कोटाखाली लेंगा, पायात माझ्या नवऱ्याचे स्नो बूट. हातात बागेचा पाइप, आणि समोर आमची उत्तरेकडची भिंत, नखशिखांत भिजलेली. पाण्याची धार नीट जाते की नाही हे बघायला बाबा एक डोळा मिटून नेम धरत होते.

"बाबा! अहो काय करताय?"

"तू तुझं काम कर," बाबा खालून ओरडले. "इथं कोणीतरी पाहायला हवं ना!"

आता हे नीट सांगायचं तर आधी घराचं सांगायला हवं. बोस्टनजवळच्या या श्रूजबरीत आमच्या ओळखीतली झाडून सगळी मराठी मंडळी नव्या टाउनहाऊसमध्ये राहतात. भिंतींना बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या, आत पांढरंशुभ्र किचन, कुठं खुट्ट झालं की असोसिएशनला फोन. आम्ही मात्र शंभरी केव्हाच ओलांडलेलं विटांचं घर घेतलं. आम्ही म्हणजे मी. नवऱ्याने सह्या केल्या, आणि तेव्हापासून त्या सह्यांबद्दल तो मला बोलतोय. तो नागपूरचा. "काहून घेतलं हे?" हा प्रश्न तो पाऊस पडला की विचारतो, आणि इथं पाऊस सारखाच पडतो.

मला ते घर आवडतं. का आवडतं ते मी कोणाला पटवून देऊ शकत नाही आणि देणारही नाही. व्हिसावर असताना आम्ही इतकी भाड्याची अपार्टमेंट्स बदलली की भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी मागायची सवय लागली होती. या घरात पहिल्या दिवशी मी काही कारण नसताना एक खिळा ठोकला. अजून आहे तो, त्यावर काही टांगलेलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीची कड इतकी रुंद की मी त्यात चहाचा कप घेऊन मांडी घालून बसते. ते घर सोडायचा विचार मी करूच शकत नाही.

पण उत्तरेच्या भिंतीने घात केला. कोणा आधीच्या मालकाने विटांमधल्या फटी पक्क्या सिमेंटने बुजवल्या होत्या. विटा जुन्या, मऊ. सिमेंट त्यांच्यापेक्षा कडक. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग थंडीत ते आतल्या आत गोठायचं, फुगायचं आणि विटेचा पापुद्राच उडवायचं. दर वसंतात अंगणात विटांचे पोपडे झाडायचे हा आमचा कुळाचार झाला होता. आत बेडरूममध्ये ओलीचा डाग. नवरा झोपायच्या आधी त्या डागाकडे बघून उसासा टाकायचा, अगदी मला ऐकू जाईल असा.

शेवटी आमचा करार झाला. भिंत दुरुस्त करायची. हा हिवाळा ती आतून कोरडी राहिली तर घर आपलं. ओल आली तर वसंतात घर विकायचं, टाउनहाऊस घ्यायचं, आणि मी एक शब्द बोलायचा नाही. मी हो म्हणाले. मी गप्प बसेन यावर त्याचा विश्वास कसा बसला कोण जाणे.

गवंडी म्हणून आली एक बाई. पन्नाशीची, दंडावर गोंदवलेला मासा, ट्रकमध्ये पुढच्या सीटवर कुत्रा. ती म्हणाली, सिमेंट सगळं खरवडून काढायचं आणि चुन्याने फटी भरायच्या. चुना विटेइतकाच मऊ, पाणी शोषतो आणि सोडतो. नवरा माझ्या कानात म्हणाला, "चुना लावून जाणार बघ ही." बाबा त्याच आठवड्यात मिरजेहून आले होते. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य गेलेलं. आई गेल्यापासून ते दर वर्षी काही महिने आमच्याकडे येतात आणि पहिल्या रविवारनंतर कंटाळतात. पण यंदा दारात परांची बांधलेली, चुन्याची घमेली, खोऱ्याचा खरखर आवाज! बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते विमानतळावर मला बघूनही आलं नव्हतं.

"दरजा भरतेय," फटी भरताना बघून ते खूश होऊन म्हणाले. "हात चांगला आहे गवंडीबाईंचा."

काम संपलं तेव्हा बाईने भिंतीवर ओलं गोणपाट टांगलं. इथंच घोटाळा झाला. बाबा बोस्टनला जाऊन आले, नायगारा बघून आले, हूं की चूं केलं नाही. पण गोणपाटाला त्यांनी जवळ जाऊन हात लावून पाहिला. "गोणपाट! अगं, अमेरिकेत गोणपाट!"

बाईने बाबांनाच समोर उभं करून बजावलं होतं : गोणपाट फक्त दमट ठेवायचं, बारीक फवारा पुरे, आणि रात्री थंडी वाढली की पाणी बंद. बाबांनी सगळं नीट ऐकलं. "येस मॅडम" म्हणाले. नीट समजलंसुद्धा. फक्त पटलं नाही.

आमच्या घरात हे पाणी मारणं म्हणजे काय होतं हे बाईला कुठून माहीत असणार! मिरजेचं घर बांधलं तेव्हा शाळेत जायच्या आधी आम्ही भिंतींना पाणी मारायचो, शाळेतून आलं की पुन्हा. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवायचं. घरी कोणी पाहुणा आला की बाबा 'जेवलात का' विचारायच्या आधी 'पाणी मारलं का' विचारायचे, आणि ते आम्हाला असायचं. त्यांच्या लेखी पाणी न मारलेलं बांधकाम म्हणजे कच्चं काम आणि फवारा म्हणजे थट्टा. "बाईला पाणीपट्टीची काळजी असेल," असं म्हणून त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ पाइप सोडला. मी वर मीटिंगमध्ये, नवरा ऑफिसात. कळवलं ते समोरच्या आजींनी, तेही एवढं सगळं पाणी मुरल्यावर.

मी खाली धावले. गोणपाट बाजूला केलं. भिंतीवरून चुन्याचे पांढरे ओघळ उतरले होते. खालच्या बाजूला तर धारेने फटींतला चुनाच धुऊन काढला होता.

गवंडीबाईला फोन केला. ती आली, बघत राहिली. मग बाबांकडे वळून म्हणाली, उन्हाळा असता तर मी तुम्हाला नोकरीवर ठेवलं असतं. पण आज रात्री पारा गोठणबिंदूच्या बराच खाली जाणार आहे. भिजलेला कोवळा चुना गोठला की भुगा होणार, मग वसंतापर्यंत काही करता येणार नाही. आजची रात्र भिंत उबदार ठेवा, मी ताडपत्र्या देते.

वसंतापर्यंत! म्हणजे हिवाळाभर उघडी भिंत, म्हणजे ओल, म्हणजे माझं घर गेलं.

आणि मग मी बाबांवर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. बाबांनी पाइप गुंडाळून ठेवला आणि आत गेले.

त्यात संध्याकाळी आमच्याकडे दिवाळीचा फराळ. पाहुणे चारलाच नटूनथटून हजर. मी दारातच सांगितलं, "आधी भिंत, मग चकली." पैठण्या सावरत बायका गाद्या ओढत होत्या, झब्ब्यांतले पुरुष ताडपत्री धरून एकमेकांना सूचना देत होते. आमच्याकडच्या रजया, जुना गालिचा, योगाच्या चटया, तंबू, सगळं भिंतीला लागलं. नवरा शिडीवर. "टाउनहाऊसमध्ये दिवाळीला लोक दिवे लावतात," तो वरून म्हणाला, "आपण भिंतीला पांघरूण घालतो." पण स्वतःची नागपुरी रजई, जिला तो मला हातही लावू देत नाही, ती त्यानेच आणून टांगली. समोरच्या आजी ख्रिसमसच्या जुन्या माळा घेऊन आल्या, त्यांच्या बल्बांना हात लावला की चटका बसतो अशा. त्या ताडपत्रीच्या आत सोडल्या. येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघायला लागले.

सगळं झालं, पण खालचा कोपरा उघडा राहिला. जिथं चुना धुपला होता नेमका तोच. घरात पांघरूण उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांनी अंगातला कोट काढला. लेंगा-सदऱ्यावर, त्या गारठ्यात. कोट कोपऱ्याला लावला, बाह्या दोन्हीकडे ताणून ताडपत्रीच्या कडेत खोचून बसवल्या. मग माकडटोपी काढली आणि ती वरच्या फटीवर घातली.

"बाबा, अहो तुम्ही काय घालणार?"

"मी आत बसतो," बाबा म्हणाले. "मला कुठं जायचंय!"

मला इतकं रडू आलं की मी पाहुण्यांकडे पाठ केली. मघाशी बोललेला एकेक शब्द परत गिळता आला असता तर मी गिळला असता. सॉरी म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं. त्यांनी चकली मोडली आणि म्हणाले, "तेल जास्त झालंय." तेव्हा मला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने, बाबा माझ्यासमोर दुसरी चकली खात असताना, आजींचा पुन्हा मेसेज. 'तुझे वडील भिंतीला मिठी मारून उभे आहेत. थंडी फार आहे, त्यांना आत बोलाव.'

सकाळी गवंडीबाईने एकेक पांघरूण काढून फटींत नख रोवून पाहिलं. वरची भिंत टिकली होती. खालचा कोपराही गोठला नव्हता. दुपारी ऊन आल्यावर तिने तिथला चुना पुन्हा भरला. बाबा कोटाशिवाय खिडकीत बसून बघत होते, आणि तिने काम संपल्यावर वळून त्यांच्याकडे अंगठा वर केला. फवाऱ्याची बाटली मात्र तिने माझ्या हातात दिली.

बाबा डिसेंबरात परत गेले. हिवाळाभर रोज फोनवर पहिला प्रश्न, "भिंत कशी आहे?" मी कशी आहे हे नंतर, वेळ उरला तर. फेब्रुवारीत मोठं वादळ आलं, पाऊस आणि बर्फ आडवे होऊन उत्तरेच्या भिंतीवर आदळत होते. नवरा बेडरूममध्ये डागावर हात ठेवून बसला. थोड्या वेळाने हात काढून बघितला, पुन्हा ठेवला. उसासा मात्र टाकला नाही. मीही विचारलं नाही, आणि मी न विचारणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

वसंत आला. विकायचा विषय त्याने काढला नाही, मीही जीव मुठीत धरून गप्प. चुन्याचे पांढरे ओघळ अजून भिंतीवर होते. गवंडीबाई म्हणाली घासून काढते, तर नवरा म्हणाला, "राहू द्या." मला वाटलं, विकायच्या घराला कशाला खर्च, असं असेल. जूनच्या सुरुवातीला मात्र तिने पुढच्या दाराच्या मोडक्या पायऱ्या नव्या रचून दिल्या आणि गोणपाट टाकून गेली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मला पाण्याच्या आवाजाने जाग आली. खिडकीतून वाकून पाहिलं. खाली नव्या पायऱ्यांपाशी नवरा, हाफ पँटमध्ये, हातात बागेचा पाइप, त्याला नवीन आणलेलं बारीक फवाऱ्याचं नोझल. कुंडीला टेकवून उभा केलेला फोन, आणि फोनमध्ये बाबा. मिरजेत संध्याकाळ झाली होती.

"कोपऱ्यात, जावईबापू! कोपरा राहिला!"

"मारतोय ना, बाबा."

"वरवर नको, मुरू द्या. जन्मभर राहायचंय त्या घरात!"

"हो ना," नवरा म्हणाला, आणि पाइप घेऊन कोपऱ्याकडे वाकला.