को फो साइनचा शेवटचा वर्ख

मा टिन मे सत्तावीस वर्षं सोन्याचा वर्ख कापून पुड्या बांधते आहे, पण महामुनी बुद्धाच्या अंगाला तिचं बोट कधी लागलेलं नाही. बायकांनी कठड्याच्या अलीकडे बसायचं आणि वर चढून मूर्तीला वर्ख पुरुषांनी लावायचा, ही मंडालेची रीत. मीही तिच्या शेजारी बसून हेच काम केलं. पुढे चार शब्द इंग्रजी जमायला लागलं तशी पाहुण्यांना शहर दाखवू लागले. वर्खाच्या खोलीत पंखा चालत नाही, जरा वारा लागला की वर्ख उडतो. तिथे बसून बसून मा टिन मेचा श्वासदेखील हळू झालाय. जीभ मात्र नाही.

"युझाना, तुझे गोरे पाहुणे चालतात किती गं! त्यांच्याकडे रस्ते नाहीत का?"

तिचा नवरा को फो साइन समोरच्या छपरात सोनं कुटायचा. पाण्यात भोक पाडलेली करवंटी सोडायची, ती बुडेपर्यंत हातोडा मारायचा, बुडली की पुन्हा सोडायची. तीस वर्षं हेच. मग छातीने दगा दिला. हातोडा खाली ठेवताना शेवटच्या खेपेतला एक वर्ख त्याने वेगळ्या कागदात घालून ठेवला होता. "हा मी स्वतः जाऊन लावणार," म्हणायचा. ते काही झालं नाही. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी पाठवलं.

त्या दिवशी सकाळी त्याला जोराची धाप लागली. मा टिन मे ती पुडी घेऊन माझ्या दारात उभी.

"जीव ह्याच्यातच अडकलाय त्यांचा. गल्लीतल्या कुणाकडे तरी दिला असता, पण सगळे आत्ता कामावर चढलेत. दुपारी जेवायला सुटले की देईन म्हणते. तोवर..."

"दुपार कशाला? मी आत्ता महामुनीलाच निघालेय. माझा पाहुणा लावेल. आण इकडे!"

त्यात काय एवढं, अशा थाटात मी हात पुढे केला. तो हात आता मला बघवत नाही.

पाहुण्याचं नाव हेन्रिक. ताडमाड उंच, नाक उन्हाने सोललेलं, स्वभावाने गरीब. गुडघे उघडे होते म्हणून देवळाच्या दारात मी त्याला लोंजी नेसवली, तर फुलवाली ओरडली, "काय गं, जावई आणलास की काय? जरा बुटका तरी बघायचास!" आम्ही हसत हसत आत गेलो. त्याच्यासाठी विकत घेतलेले दोन वर्ख मी त्याच्या हातात दिले आणि वर ती पुडी ठेवली.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की एक माणूस मरायला टेकलाय आणि हा त्याच्या हातचा आहे. पण पाहुण्याच्या आनंदाच्या सकाळी आपलं रडगाणं कसं गायचं? आमच्यात ह्याला 'अना-दे' म्हणतात. समोरचा अवघडेल म्हणून आपणच गप्प बसायचं. लहानपणापासून अंगात मुरलंय ते. मी एवढंच म्हटलं, "हासुद्धा."

मग बायकांत जाऊन बसले. वर काय चाललंय ते आम्हाला टीव्हीच्या पडद्यावर दिसतं. हेन्रिकची पाठ दिसली. तो मूर्तीच्या उजव्या खांद्याशी वाकला, अंगठ्याने दाबलं, पुन्हा वाकला. तिसऱ्यांदाही वाकला असं मला वाटलं. खाली आल्यावर विचारलं नाही. विचारणं म्हणजे विश्वास नाही असं दाखवणं.

पुढे त्याने मला दिवसभर पळवलं. संगमरवर घडवणाऱ्यांची गल्ली, सागवानी मठ, दोन वाट्या मोहिंगा, मग भर उन्हात अनवाणी टेकडी. टेकडीवर असताना मा टिन मेचा फोन आला.

"लागला का गं?"

"लागला! मी पडद्यावर पाहिला. उजव्या खांद्यावर."

"ऐकलंत का?" ती तिकडे ओरडली. "उजव्या खांद्यावर! ... हसले गं, युझाना. पेज मागतायत."

मी टेकडीवर उभी राहून रडले. आनंदाने रडले, मूर्ख बाई.

ऊन उतरल्यावर आम्ही लाकडी पुलावर बसलो होतो. हेन्रिकने वही उघडून माझ्यापुढे धरली. "आजची सगळ्यात सुंदर भेट," म्हणाला.

त्याने पेन्सिलीने शहराचा नकाशा काढला होता आणि त्यावर को फो साइनचा वर्ख होता. घामाने कागदावर घासला गेलेला, सुरकुतलेला, चिकटलेला. मी हजारो वर्ख शिंगाच्या पट्टीने उचललेत. हा उचलता येणार नाही हे मला बघताक्षणी कळलं.

"हा लावला नाहीस?"

"दोन लावले. हा वेगळ्या कागदात होता. मला वाटलं, तू मला दिलास."

तेव्हा मी सगळं सांगितलं. बिचारा पांढराफटक पडला. पान फाडून त्याने माझ्या हातात दिलं, माफी मागत राहिला. त्याला काय बोलणार?

गल्लीत शिरले तर एकही हातोडा वाजत नव्हता. मा टिन मेच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता.

"साडेपाचला गेले," ती म्हणाली. "शांतपणे गेले. तुझ्यामुळे."

पान माझ्या पिशवीत होतं.

सातव्या दिवसाचं भिक्खूंचं जेवण झालं, तेव्हापासून ती रोज सकाळी देवळात पडद्यासमोर बसते. मलाही ओढून नेते. "तो बघ, खांद्यावरचा. त्यांचा हात मला लगेच कळतो." मी हो म्हणते. पान घरी ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी आहे.

काल माझा हात धरून म्हणाली, "युझाना, त्या दिवशी तू नसतीस तर काय झालं असतं गं?"

मी नसते तर दुपारी हातोडे थांबले असते, गल्लीतला कुणीतरी धावत जाऊन वर्ख लावून आला असता. को फो साइन साडेपाचपर्यंत होता.